यंत्र कोणाच्या हाती?

(अध्यापक विद्यालयातील परिसंवादात एका छात्राध्यापिकेने केलेले भाषण)



वर्गात यंत्र हवे की नको, हा वाद मला निरर्थक वाटतो. खडू आणि फळा हीदेखील एके काळी नवी साधनेच होती. खरा प्रश्न एवढाच, की साधन कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या हाती?

सरावपाठाच्या वेळी मी सहावीच्या वर्गाला चंद्राच्या कलांची चित्रफीत दाखवली. मुले तल्लीन झाली. नंतर मी विचारले, "चंद्र लहान का होत जातो?" बहुतेकांनी सांगितले, "पृथ्वीची सावली पडते म्हणून." चित्रफितीत खरे कारण होते, पण मुलांच्या मनात आधीच ठाण मांडून बसलेला गैरसमज तिने विचारलाच नव्हता, मग तो ती दूर कसा करणार? अखेर मैदानात, उन्हात एका स्टुलावर पांढरा चेंडू ठेवला आणि मुलांना त्याच्याभोवती फिरवले. चेंडूवर कोणाचीही सावली नाही, तरी त्याचा उजळ भाग जागेगणिक लहानमोठा दिसतो, हे त्यांनी स्वतः पाहिले. चित्रफीत वाया गेली नाही; मात्र शिकवणे सुरू झाले ते तिच्यानंतर.

आता वर्गाबाहेर पाहू. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपक्रमाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचवली. संच गावाचा होता, एकट्यादुकट्याचा नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत मात्र शाळा मोबाइलवर आली आणि साधन घरचे झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय. घरातला एकुलता मोबाइल घेऊन बाप मजुरीला गेला, की त्याच्या लेकीची शाळा बंद! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना मोफत शिक्षणाची हमी दिली आहे. शिकण्यासाठी आधी मोबाइल विकत घ्यावा लागत असेल, तर त्या 'मोफत' शब्दाला अर्थ काय उरला?

म्हणून उद्याची शिक्षिका या नात्याने माझ्या मागण्या साध्या आहेत. यंत्र शाळेच्या मालकीचे असावे आणि त्याची वीज व दुरुस्ती यांचा भार शासनाने उचलावा. त्यावरील पाठ मायबोलीत, शिक्षकांच्या सहभागाने तयार व्हावेत. आणि पडदा बसवला म्हणून शिक्षकाचे पद रिकामे ठेवले जाऊ नये.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितले होते, की सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि तिचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाला होतो. साधने बदलली; तो हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. तो मागत राहणे, हेही शिक्षकाचेच काम आहे.