दुसरा बाण चुकवण्याची साधना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यना शिबिराला आलेला साधक पहिल्याच दिवशी मोबाइल, पुस्तकं, वही-पेन, जपमाळ, गंडे-ताईत असं सगळं बाजूला ठेवतो. त्याच संध्याकाळी आर्यमौन सुरू होतं आणि ते सुटतं थेट दहाव्या दिवशी सकाळी. तोवर बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, नजरानजरसुद्धा टाळायची. अडचण असेल तर व्यवस्थापकाला सांगता येते, साधनेतली शंका सहाय्यक आचार्यांना विचारता येते. ‘दहा दिवस गप्प बसायचं’ अशीच या शिबिरांची ख्याती झाली आहे. पण मौन ही तर पूर्वतयारी. खरं काम चालतं ते अंगावर उमटणाऱ्या संवेदनांवर.

ही परंपरा ब्रह्मदेशातून आली. ती भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका यांचा जन्म 1924 साली मंडाले इथे, व्यापारी मारवाडी कुटुंबात झाला. अर्धशिशीने ते इतके बेजार होते की दुखणं थांबवायला मॉर्फिन घ्यावं लागे. 1955 मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल, म्हणजे कचेरी सांभाळून साधना शिकवणारे गृहस्थ. केवळ डोकेदुखी घालवायची असेल तर इथे येऊ नका, असं त्यांनी गोयंकांना बजावलं. मनाच्या शुद्धीसाठी येणार असाल तर या, आजार त्या ओघात गेला तर जाईल. 1969 च्या जुलैमध्ये गोयंकांनी मुंबईत भारतातलं पहिलं शिबीर घेतलं. 1976 पासून धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली.

शिबिरात पहाटे चारला घंटा होते आणि साडेचारला साधना सुरू. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. तो डाव्या नाकपुडीतून जातोय की उजव्या, वरच्या ओठावर कुठे स्पर्श करतोय, एवढंच पाहायचं. मन दोन श्वासांत घरी पोहोचतं. न चिडता त्याला परत आणायचं. असं तासन्‌तास करत राहिलं की नाकाखालच्या टीचभर जागेतली खाज, ऊब, धडधड स्पष्ट कळू लागते.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. आता तेच लक्ष डोक्यापासून पायापर्यंत, अंगाच्या भागाभागातून फिरवायचं. आणि रोज तीन वेळा अधिष्ठान. तासभर हात-पाय न हलवण्याचा, डोळे न उघडण्याचा निश्चय करून बसायचं. पाऊण तास झाला की गुडघ्यात कळ उठते. साधक कळवळतो, मनात घड्याळ पाहतो, आपला पाय कायमचा गेला असं त्याला वाटू लागतं. इथेच शिकवणीचा गाभा हाती लागतो. ती कळ बारकाईने पाहिली तर ती एकसंध नसते. ती सरकते, धगधगते, मंदावते, पुन्हा उसळते. बुद्धांनी यासाठी बाणाचा दृष्टान्त दिला आहे. शरीराचं दुखणं हा पहिला बाण, तो सगळ्यांनाच लागतो. त्यावर तळमळणारं मन स्वतःच दुसरा बाण मारून घेतं. वेदनेतून, म्हणजे सुखद वा दुःखद संवेदनेतून, तृष्णा जन्मते, ही प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे दुःखाच्या कारणसाखळीची, कडी. ती जिथे तोडता येते ती जागा गुडघ्यातल्या त्या कळेत साधकाला प्रत्यक्ष सापडते.

सुखाची वेदना मात्र याहून फसवी. काही दिवसांनी कुणाच्या अंगभर सूक्ष्म तरंग वाहू लागतात, बैठक विलक्षण रंगते. पुढच्या बैठकीत तो त्याच तरंगांची वाट पाहत बसतो, ते आले नाहीत की खट्टू होतो. दुखण्याचा द्वेष जसा, तशी ही आसक्ती. म्हणून सूचना पुन्हा पुन्हा एकच येते : हेही अनिच्च, हेही जाणार. कुणाला काय अनुभव आला यावरून साधनेची प्रगती मोजायची नसते. समता किती राहिली, एवढंच पाहायचं. शेजाऱ्याशी बोलायची मुभा असती तर अनुभवांची तुलना पहिल्या दिवशीच सुरू झाली असती. मौनाची खरी गरज इथे कळते.

ही साधना तुरुंगांतही पोहोचली. 1975 मध्ये जयपूरच्या तुरुंगात शिबीर झालं, तेव्हा साधकांच्या पायांत बेड्या नकोत असा गोयंकांचा आग्रह होता. एप्रिल 1994 मध्ये, किरण बेदी प्रमुख असताना, तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले. तरीही ही साधना सरसकट सगळ्यांसाठी नाही. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी अर्जात तो लपवू नये आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. चालू औषधं परस्पर बंद करणं तर धोक्याचंच.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचं भलं चिंतणं, शिकवली जाते, मौन सुटतं आणि जेवणघरात एकदम गलबला होतो. घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावं, असं साधकांना सांगितलेलं असतं. मुलांची शाळा, लोकल, स्वयंपाक यांत हा तास आधी हरवतो. शिबिराला जाऊ इच्छिणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच घरच्यांशी बोलून ती वेळ आणि बसायचा कोपरा ठरवून ठेवावा. वरिष्ठांचं बोलणं ऐकून छातीत धडधड सुरू होते तेव्हा ती तिथल्या तिथे ओळखता येते का, हे तपासण्याची संधी सोमवारच्या कचेरीतच मिळणार आहे.