ज्याच्या त्याच्या दोन ओळी

आम्ही रहाटणीच्या एका बचत गटातल्या अकरा जणी. माइकसमोर एकीलाच बसवलंय, पण काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय. मागून कुणी खोकलं तर तीही आमच्यातलीच.

रहाटणी म्हणजे पिंपरी-चिंचवडमधली, काळेवाडी आणि पिंपळे सौदागरच्या शेजारची. एकेकाळचं शेतीचं गाव, आता सोसायट्या आणि भाड्याच्या खोल्या. आमच्यातल्या दोघीच इथल्या मूळच्या. बाकीच्या लातूर, बीड, सोलापूर, जळगावहून नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या. कुणाचं माणूस भोसरीला, कुणाचं चाकणला, आणि घराचं घड्याळ शिफ्टप्रमाणे चालणारं.

तर झालं असं. 2023 च्या डिसेंबरात, 10 ते 22 तारखेपर्यंत, पुण्यात ‘दो धागे श्रीराम के लिए’ हा उपक्रम झाला. अयोध्येच्या रामलल्लाच्या रेशमी वस्त्रासाठी येणाऱ्या प्रत्येकाने हातमागावर दोन धागे विणायचे. सौदामिनी हँडलूमच्या अनघा घैसास यांनी त्यात पुढाकार घेतला होता. आमच्यातल्या सहा जणी गेल्या. गर्दी बघून एकीची सासू म्हणाली, ‘घरी जाऊन शेंगा सोलू’, पण मग तीच सगळ्यात आधी मागावर बसली. लहान पोरं होती, काठी टेकत आलेले आजोबा होते. दोन धागे विणायला किती वेळ लागणार? पापड लाटायला लागतो त्याहून कमी. पण परत येताना बसमध्ये सगळ्या बोलत होत्या त्या तेवढ्याच वेळाबद्दल.

बोलत नव्हत्या त्या फक्त अक्का. अक्का सोलापूरच्या. माहेरी हातमाग होता, चादरी विणायचे. सोलापुरात पद्मशाली समाजाची अशी कितीतरी घरं, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. लग्न होऊन इकडे आल्या त्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हापासून मागाला हात लागला नव्हता. काळेवाडी फाट्यावर उतरताना त्या म्हणाल्या, ‘दोन धागे तुम्ही घातले गं, पण त्याआधी ताणा लावणाऱ्याचे हात किती दुखले असतील.’ ताणा म्हणजे उभे धागे. आडवा धागा कुणीही घालतं. उभे धागे मोजून, ओढून, सारख्या ताणात बांधणं हे खरं काम, आणि ते पाहुणे येण्याआधीच संपलेलं असतं.

पुढच्या बैठकीत हे सगळं सांगून झालं. आमच्यातल्या काही जणी तिकडे गेल्या नव्हत्या. त्यातली एक मुसलमान. ती सरळ बोलली, ‘तुमचं झालं ते छानच झालं. पण तो तुमच्या देवाचा कपडा. मलाही बसता येईल असं काहीतरी इथे करा ना.’ दुसरी काहीच बोलली नाही. ती आमच्या गटाचा हिशेब ठेवते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. संक्रांत ते रथसप्तमी आमचं हळदीकुंकू असतं. तिळाचे लाडू ती वळते, वाणाची यादी ती करते, आणि बायका यायला लागल्या की ‘मला जरा काम आहे’ म्हणून निघून जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 च्या मे महिन्यात ठराव करून विधवांच्या प्रथा बंद केल्या, ते आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. वाचून चांगलंही म्हटलं होतं. आणि त्यानंतरही ती दरवर्षी पाच वाजता निघून जात होती, आम्ही तिला जाऊ देत होतो.

तेव्हा ठरवलं की या वर्षी वाण द्यायचं नाही, घ्यायचं. येणाऱ्याने घरातल्या जुन्या सुती कपड्याची एक पट्टी आणायची आणि आपल्या हाताने दोन ओळी विणायच्या. बाई, पुरुष, पोर, कुणीही. कुंकू लावायचं की नाही हा प्रश्नच दाराशी येऊ द्यायचा नाही.

स्कॉटलंडमध्ये लोकांनी मिळून असं एक मोठं काम केलंय, आमच्यातल्या एकीच्या मुलीने सांगितलं. 160 फलक, आणि ते भरणारे हजारभर हात. तिथल्या पार्लमेंटात ते 2013 साली पहिल्यांदा मांडले. पण ते भरतकाम आहे, आणि भरतकामाला सुई हातात बसलेली असावी लागते. आम्हाला सुई न धरलेल्यालाही घ्यायचं होतं.

आता चौकटीचं सांगतो, कारण हे तुम्हाला गावातही करता येईल. धोटा-फणीचा माग आमच्याकडे कुठून येणार? सुताराकडून सहा फूट उंच, सव्वातीन फूट रुंद अशी जाड लाकडी चौकट करून घेतली. वर 37 आणि खाली 37 खिळे, इंचाइंचावर. एका खिळ्याला दोन धागे, म्हणजे 74 उभे धागे. त्याला साधारण 140 मीटर जाड सुती दोरा लागला. पट्टी दोन बोटं रुंद, सात फूट लांब. तेवढ्यात तीन फूट रुंदीच्या दोन ओळी होतात. ठोकून बसवल्या की इंचात चार ओळी मावतात, म्हणजे पाच फुटांना 240 ओळी, 120 माणसांचं काम. खरं सांगायचं तर दोन जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्यांत सगळा गालिचा निघाला असता. पण मग तो एकीच्या साड्यांचा झाला असता.

अक्कांना दोन दिवस ताणा लावायला लागला. त्यांना रोजी द्यायची का, यावर आमच्यात वाद झाला. ‘आपल्याच माणसाला कसले पैसे?’ असं निम्म्या जणी म्हणाल्या. हिशेब ठेवणारी म्हणाली, ‘सुताराला दिले ना? तोही ओळखीचाच आहे.’ गवंड्याची जी रोजी चालू आहे ती दिली, चार दिवसांची. अक्कांनी पैसे मोजले नाहीत, पदराला बांधले.

दिवस दोन ठेवले. आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळांना रविवारी, म्हणून 8 फेब्रुवारीचा गुरुवार आणि 11 चा रविवार. गुरुवारी सकाळी नऊला पहिला आला तो रात्रपाळी करून थेट आलेला एकीचा दीर, अंगात कंपनीचा शर्ट. त्याने बसायच्या आधी उभे धागे बोटाने वाजवून बघितले आणि म्हणाला, ‘डावीकडे दोन ढिले आहेत.’ अक्कांनी तपासलं तर खरंच ढिले. त्याला नंतर चहा दोनदा मिळाला.

नवख्याची चूक एकच असते, पट्टी ओढून घट्ट करायची. तसं केलं की कापडाच्या कडा आत येतात आणि मध्ये कंबर पडते. अक्का शिकवायच्या, पट्टी सरळ ओढू नका, धनुष्यासारखा वाक देऊन सैल ठेवा, मग खाली ठोका. पोरांना हे पटकन जमलं. मोठ्या माणसांना सैल सोडणं जड जातं, विशेषतः पुरुषांना. (हे वाक्य ठेवायचं की नाही यावर मतदान झालं. राहिलं.)

आता आमची चूक. गुरुवारी रात्री अक्का घरी गेल्यावर आम्ही तिघींनी कापड नीट बघितलं. काही ओळी फार वेड्यावाकड्या. रविवारी महापालिकेतल्या ताई येणार होत्या, जत्रेत मांडायचंही डोक्यात होतं. आम्ही गुपचूप तीन माणसांच्या सहा ओळी उसवल्या आणि तिथे आपल्या नीटनेटक्या ओळी घातल्या. चांगलं दिसायला लागलं. समाधानाने झोपलो.

रविवारी सकाळी एक सात वर्षांची पोर आजीला घेऊन आली. तिची हिरवी ओळ आजीला दाखवायची होती, बाळपणीच्या झबल्याची. ती खालून वर मोजत गेली. पुन्हा मोजलं. आमच्याकडे बघितलं. आम्ही म्हणालो, असेल गं, नीट बघ. हेही बोललो, खोटं. मग अक्कांनी पायाजवळच्या पिशवीतून हिरवी पट्टी काढली.

अक्का ओरडल्या नाहीत. पोरीला पुन्हा बसवलं, पट्टी विणून घेतली. ती गेल्यावर आम्हा तिघींना कापडापुढे उभं केलं आणि विचारलं, ‘चूक कुठली आणि वाकडी कुठली, तुम्हाला कळते का?’ मग बोट ठेवून दाखवलं. एका ओळीत पट्टी चार उभ्या धाग्यांवरून सरळ पुढे गेलेली, खाली-वर न होता. तिथे फास तयार होतो, पाय अडकतो, ओढलं की कापड सुटतं. ती चूक, ती लगेच, विणणाऱ्याच्या समोर सुधारायची. लाटेसारखी वर-खाली गेलेली ओळ नुसती वाकडी असते, तिच्यावरची ओळ तिला धरून ठेवते. ‘तुम्ही उसवल्या त्या वाकड्या होत्या. आणि ही चुकीची ओळ तशीच ठेवली, कारण ती सरळ दिसत होती.’ ती ओळ आमच्यातल्याच एकीची निघाली. तिने मान खाली घालून उसवली.

उरलेल्या दोन पट्ट्यांची माणसं आम्ही शोधून काढली. एक दूधवाले काका, ते हसले, म्हणाले मला कुठे आठवतंय. पण येऊन विणून गेले. दुसरी सोसायटीत स्वयंपाकाला जाणारी मावशी. तिने विचारलं, ‘माझी का काढली होती?’ आम्ही खरं कारण सांगितलं. तिने पट्टी घेतली, आली, विणली, आमच्याशी बोलली नाही. अजूनही तुटक बोलते.

हिशेब ठेवणारी रविवारी पाच वाजता आतच होती. येणाऱ्यांच्या पट्ट्या सात फूट आहेत का ते टेपने मोजत होती, निघायला वेळच मिळाला नाही. सहाच्या सुमारास तिने नवऱ्याच्या चेक्सच्या शर्टाची पट्टी आणि आमच्या मुसलमान मैत्रिणीने दुपट्ट्याची पट्टी, अशा लागोपाठ चार ओळी घातल्या. एक म्हातारी आजी कुजबुजली, हिचा हात कसा लागला म्हणून. दुसरीने तिला लाडू दिला. पण कुजबुज झाली, हे सांगायला पाहिजे.

दोन दिवसांत 104 माणसं बसली, 208 ओळी झाल्या. उरलेल्या आठवडाभर येता-जाता भरल्या. गालिचा भिंतीवर लावायचा असं आमचं म्हणणं होतं. अक्का म्हणाल्या, ‘बसायला केलाय, बसा.’ आता बैठक त्याच्यावरच होते. मध्ये थोडी कंबर पडलीये, तिथे कोण बसणार यावरून थट्टा चालते.

चौकट रिकामी राहिलेली नाही. अक्कांनी दुसरा ताणा लावलाय, आणि या वेळी आमच्यातल्या चौघींना ताणा लावायलाही शिकवलं. गुरुवारी तीननंतर त्या तिथे असतात. तुमच्या गटातल्या कुणी इकडे आलात तर या. पट्टी सात फूट आणा, दोन बोटं रुंद, आणि सुतीच आणा. नायलॉनची घसरते.