न्यायासनावरून मतदाराच्या दारी



मागे एका शाळेत भारताच्या घटनेवर चार शब्द बोलायला गेलो होतो. बोलणे संपले, आणि मागच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, एक विचारू का? जन्मभर ज्यानं निवाडे दिले, त्यानं उद्या आमच्या दारात येऊन मतं मागितली, तर ते बरं दिसतं का?" गुरुजी मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्या दिवशी मी अर्धेमुर्धे उत्तर देऊन सुटलो. आज तेच सावकाशीने सांगतो, आणि सांगतो ते एका गृहस्थांच्या हकिकतीतून. त्यांचे नाव न्यायमूर्ती कौडूर सदानंद हेगडे.

आधी कायद्याचे उरकून घेऊ. न्यायाधीशाच्या खुर्चीवर असेपर्यंत कोणालाही लोकसभेला उभे राहता येत नाही. आधी राजीनामा, मग उमेदवारी अर्ज. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती पदावरून उतरला की त्याला देशातल्या कुठल्याच कोर्टात वकिली करता येत नाही, अशी घटनेची बंदी आहे. निवडणुकीला मात्र बंदी नाही. म्हणजे गंमत पहा, एका अशिलाची बाजू मांडायची नाही. लाखो मतदारांची मांडली तर चालेल! हे असे का, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. आपण माणसाकडे वळू.

हेगडे जन्मले १९०९ साली, दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या कारकळ तालुक्यात, कौडूर या खेड्यात. घाटाच्या पायथ्याचा, भाताचा आणि नारळी-पोफळीचा हा मुलूख. आपल्या कोकणाचे धाकटे भावंडच म्हणा ना. जिल्हा त्या वेळी मद्रास इलाख्यात होता. शिक्षण मंगळुरास आणि मद्रासला झाले, मग वकिली, मग सरकारी वकील. १९५२ साली राज्यसभा नव्याने स्थापन झाली, तेव्हा मद्रास राज्यातर्फे काँग्रेसचे सभासद म्हणून ते दिल्लीला गेले. १९५७ साली ते पद सोडून ते म्हैसूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, बरं का. राजकारण त्यांनी आधी पाहिले होते, न्यायासन नंतर.

१९६६ साली दिल्लीला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले. त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश हेगडेच. पुढच्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. इथवर सारे सरळ चालले होते.

आता १९७३ सालचा एप्रिल महिना. केरळातल्या कासरगोडजवळ एडनीर नावाचा मठ आहे. १९५६ पूर्वी हा भाग दक्षिण कानडा जिल्ह्यातच होता, म्हणजे हेगडे यांच्याच मुलखातला. केरळच्या जमीन सुधारणा कायद्याने मठाच्या जमिनीवर गदा आली, म्हणून मठाधिपती केशवानंद भारती कोर्टात गेले. आपल्याकडे कुळकायद्याच्या वेळी गावोगाव जी भांडणे झाली, त्यातलेच हे एक वाटावे. पण बघता बघता त्यातून फार मोठा प्रश्न उभा राहिला. संसदेला घटना बदलता येते हे खरे, पण किती बदलता येते? घराची कौले शाकारता येतात, भिंत पाडून दार मोठे करता येते. पण आढे आणि खांबच काढले, तर त्याला दुरुस्ती म्हणायचे का? तेरा न्यायमूर्ती एकत्र बसले. मुंबईचे नानी पालखीवाला मठाच्या बाजूने बोलले, तर केरळ सरकारची बाजू मुंबईच्याच सीरवाईंनी मांडली. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला : घटनेचा मूळ सांगाडा संसदेलाही मोडता येणार नाही. हेगडे त्या सातांत होते. आपले पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड सहांत होते.

दुसऱ्याच दिवशी नव्या सरन्यायाधीशांचे नाव जाहीर झाले. ती बातमी देशाने ऐकली ती रेडिओवरच. तोवरचा रिवाज असा की, सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती तो सरन्यायाधीश. त्या हिशेबाने पाळी शेलत यांची, मग हेगडे, मग ग्रोवर. सरकारने तिघांनाही ओलांडून चौथे, न्यायमूर्ती ए. एन. राय यांना नेमले. सरन्यायाधीशाचा एकंदर दृष्टिकोन कसा आहे हेही पाहिले पाहिजे, अशी सरकारची बाजू मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत मांडली. वगळलेले तिघेही मोठ्या निकालात सरकारच्या विरुद्ध गेले होते, हे लोकांना दिसतच होते. हेगडे यांच्याबाबत आणखी एक गोष्ट होती. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या रायबरेलीच्या निवडणुकीवर राजनारायण यांनी जो अर्ज केला होता, त्यातला एक मुद्दा १९७२ साली हेगडे यांच्यापुढे आला आणि निकाल राजनारायण यांच्या बाजूने गेला. आपल्याला डावलण्यामागे हेही कारण असावे, असे हेगडे यांनी पुढे उघड बोलून दाखवले. तिघांनीही राजीनामे दिले. रिवाज पाळला गेला असता तर शेलत यांच्यानंतर, १९७३ च्या जुलैपासून जवळजवळ अकरा महिने, कौडूरचा हा माणूस भारताचा सरन्यायाधीश राहिला असता.

ओलांडले जाणे काय असते, हे गुरुजी मंडळींना निराळे सांगायला नको. ज्येष्ठतेची यादी भिंतीवर लागते, आणि आपले नाव आहे तिथेच राहून खालचा वर जातो. माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर उभा राहतो. हेगडे उभे राहिले. तेही लगेच नव्हे, चार वर्षांनी.

मधे १९७५ ची आणीबाणी येऊन गेली. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि बंगलोर दक्षिण मतदारसंघातून हेगडे यांनी जनता पक्षातर्फे अर्ज भरला. त्या वेळी लोकसभेची अनामत पाचशे रुपये होती आणि मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळे. निशाणी मिळाली चक्रातला नांगरधारी शेतकरी. समोर कोण? के. हनुमंतय्या, म्हैसूरचे माजी मुख्यमंत्री. बंगलोरची ती भव्य विधानसौध इमारत त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहू लागली. त्यांच्या स्वतःच्या शहरात त्यांना पाडायचे म्हणजे काय खायचे काम होते?

आणि जरा मनात आणून पहा. न्यायमूर्ती दालनात आले की सारे कोर्ट उठून उभे राहते. ते कोणाला आपणहून नमस्कार करीत नाहीत, कोणाच्या घरी चहा घेताना चार वेळा विचार करतात, बोलतात ते निकालातून. तोच माणूस आता हात जोडून दारोदार उभा, आणि मतदार खाटेवर बसून त्याला प्रश्न विचारणार! साक्ष आता त्याची, जबाब त्याचा, निकाल मतपेटीचा, आणि कारणे देण्याचे बंधन नाही.

निकाल लागला तेव्हा उत्तर हिंदुस्थानात काँग्रेस भुईसपाट झाली होती. कर्नाटकात मात्र अठ्ठावीसपैकी सव्वीस जागा तिनेच जिंकल्या. उरलेल्या दोहोंत एक जागा हेगडे यांची होती. म्हणजे हा माणूस लाटेबरोबर वाहत दिल्लीला गेला, असे कोणाला म्हणता येणार नाही.

जुलै १९७७ मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. पुन्हा उंच खुर्ची, पुन्हा दोन बाजू, पुन्हा 'शांत रहा' म्हणणे. पण खरी कसोटी लागली ती डिसेंबर १९७८ मध्ये. घाटापलीकडच्या चिकमगळूर मतदारसंघातून इंदिरा गांधी नुकत्याच पोटनिवडणूक जिंकून आल्या होत्या. हक्कभंगाच्या ठपक्यावरून सभागृहाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले आणि अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगवास ठरवला. अध्यक्षाच्या जागी हेगडे. ठराव बहुमताने झाला, अध्यक्षांच्या मताने नव्हे, हे खरे. तरी माझे मत सांगायचे तर ते दृश्य मला रुचत नाही. कोर्टात पुरावा तोलतात, सभागृहात डोकी मोजतात. आणि ज्यांचा हक्कभंग झाला तेच निकाल देणारे. १९८१ साली नव्या लोकसभेने तो ठराव रद्द केला.

आता त्या शेतकरीदादांच्या प्रश्नाकडे येतो. १९५८ साली सेटलवाड यांच्या विधि आयोगाने सांगितले होते की, न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे घेऊ नयेत. आपले मुंबईचे न्यायमूर्ती छागला त्या आयोगाचे सभासद होते. त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले, आणि पुढे राज्यसभेत महाराष्ट्रातर्फे बसून केंद्रात मंत्रीही झाले. माणूस मोठा, काम चोख. पण लोक बोललेच.

दुसरे उदाहरण आसामचे न्यायमूर्ती बहरूल इस्लाम. तेही आधी राज्यसभेत होते, मग न्यायाधीश झाले. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारच्या मुख्यमंत्र्यांवरचा खटला मागे घेण्यास मान्यता देणाऱ्या निकालात ते बहुमतात होते. न्यायमूर्ती तुळजापूरकरांनी विरुद्ध मत दिले. जानेवारी १९८३ मध्ये, निवृत्तीला सहा-सात आठवडे उरले असताना, त्यांनी राजीनामा देऊन सत्ताधारी काँग्रेसतर्फे बारपेटाची लोकसभेची उमेदवारी घेतली. आंदोलनामुळे तिथे मतदान झालेच नाही. ते राज्यसभेवर गेले. पुढे मोठ्या घटनापीठानेही तो खटला मागे घेणे ग्राह्य धरले. म्हणजे निकाल चुकला असे म्हणायला जागा नाही. पण महिना उलटतो न उलटतो तोच उमेदवारी! ज्याच्या विरुद्ध निकाल गेला, त्या पक्षकाराने रात्री काय समजून झोपायचे?

म्हणून मी त्या दादांना आज असे सांगेन : मते मागायला काही हरकत नाही, पण मधली तारीख बघा, आणि तो कोणाच्या बाजूने येतो तेही बघा. हेगडे यांनी मते मागितली ती चार वर्षे घरी बसल्यावर, आणि सत्तेत असलेल्यांच्या विरुद्ध. यावर ते म्हणतील, "पण राग होताच की मनात!" असेलही. तो नव्हता असे मी म्हणत नाही.

१९८० च्या लोकसभेत हेगडे नव्हते. ते भारतीय जनता पक्षाचे उपाध्यक्ष झाले, आणि १९९० साली वारले. आपल्या तालुक्यात, कारकळजवळच्या निट्टे गावी, १९७९ साली त्यांनी एक शिक्षणसंस्था काढली होती. पुढे तिचा मोठा वृक्ष झाला. गुरुजी मंडळी सहल घेऊन कारकळचा गोमटेश्वर पाहायला गेली, तर निट्टे तिथून जवळच आहे.