मॅडम वॉकर यांची कमाई

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. त्या वर्षी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा या खेड्यात, सारा ब्रीडलव्ह नावाची मुलगी सहाव्या वर्षात होती. तिचे आईबाप ज्या कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबले, त्याच मळ्यावर मुक्ततेनंतरही राबत राहिले. त्यांच्या अपत्यांपैकी स्वातंत्र्यात जन्मलेली ही पहिली. कायद्याने बेडी तोडली होती. परंतु बेडी तुटलेल्या माणसाने खावे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. कापसाचे शेत, गोऱ्या मालकिणीचे स्वयंपाकघर आणि धुण्याचे टब, एवढ्याच जागा बहुतेक कृष्णवर्णीय बायकांच्या वाट्याला येत. सारा या तिन्ही ठिकाणी राबली. चौथी जागा तिने स्वतः निर्माण केली, आणि ती एकटीपुरती ठेवली नाही.

सातव्या वर्षी ती पोरकी झाली. चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले, अठराव्या वर्षाच्या आतबाहेर मुलगी झाली आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. लहानग्या लीलियाला घेऊन ती सेंट लुइस शहरी गेली, कारण तिचे भाऊ तेथे न्हाव्याचा धंदा करीत. तेथे तिने लोकांचे कपडे धुण्यास प्रारंभ केला. दिवसाकाठी मिळकत दीड डॉलरच्या आसपास. उकळते पाणी, तीव्र क्षाराचा साबण, वाफ आणि दिवसभर वाकलेली पाठ अशात जवळजवळ अठरा वर्षे गेली. त्या पैशांतून तिने मुलीला मात्र शाळेत घातले आणि पुढे कॉलेजपर्यंत पोचविले. स्वतः तिला जे काही शिक्षण मिळाले होते ते रविवारच्या धर्मशाळेतील वर्गात, तेही मोजक्या महिन्यांचे.

या कष्टांत तिचे केस गळू लागले. हे दुःख तिचे एकटीचे नव्हते. गरिबांच्या वस्तीत घरात नळ नसे, थंडीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे केस धुतले जात नसत. आहार निकस, साबण जहाल. त्यामुळे डोक्यावर खपल्या धरत, चट्टे पडत आणि केस झडत. त्या काळच्या गोऱ्या बाजारपेठेला या बायका गिऱ्हाईक म्हणून दिसतच नव्हत्या. पिठाच्या पाकिटावर डोक्याला फडके बांधलेली हसतमुख कृष्णवर्णीय स्वयंपाकीण छापली जाई. पण फडक्याखालच्या डोक्याची विचारपूस करावी असे कोणा कारखानदाराला सुचले नव्हते.

कोणालाच सुचले नव्हते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. ॲनी टर्न्बो, पुढे ॲनी मलोन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कृष्णवर्णीय बाईंनी 'पोरो' नावाने केशौषधी विकण्यास आरंभ केला होता, आणि सारा काही काळ त्यांचीच विक्रेती होती. १९०५ मध्ये ती पश्चिमेकडे डेन्व्हरला गेली, तेथे स्वयंपाकीण म्हणून राहिली, आणि लवकरच स्वतःच्या नावाचे मलम विकू लागली. मूळ कृती आपली, अशी मलोनबाईंची तक्रार अखेरपर्यंत होती. सारा सांगे की एका कृष्णवर्णीय पुरुषाने आपल्याला स्वप्नात औषध सांगितले आणि त्यातली काही द्रव्ये आफ्रिकेहून मागवावी लागली. जाहिरात म्हणून ही कथा अप्रतिम आहे. मात्र त्या मलमातले मुख्य द्रव्य गंधक होते, आणि गंधकाचे मलम त्वचारोगावर चालते हे वैद्य-डॉक्टरांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. केस सरळ करणारा तापता कंगवा तिने शोधून काढला असेही अनेक ठिकाणी छापलेले आढळते. तेही खरे नाही. तो कंगवा आधीपासून वापरात होता. तिचे कर्तृत्व शोधाच्या खात्यावर मांडण्याची गरजच नाही. ते निराळ्या खात्यावर आहे.

१९०६ च्या जानेवारीत तिने चार्ल्स जोसेफ वॉकर या गृहस्थाशी विवाह केला. वृत्तपत्रांतील जाहिरातींचे तंत्र त्याला अवगत होते. येथून ती मॅडम सी. जे. वॉकर झाली. या 'मॅडम' शब्दाकडे थोडे लक्ष द्यावयास हवे. दक्षिणेकडील गोरा मनुष्य कृष्णवर्णीय बाईला, ती साठ वर्षांची का असेना, नुसत्या नावाने किंवा 'आंटी' म्हणून हाक मारी. 'मिसेस' हा मान तिला कधी देत नसे. डबीवर 'मॅडम' छापले म्हणजे औषध मागणाऱ्या प्रत्येकाला तो मान उच्चारावाच लागे. शिवाय त्या डबीवर वॉकरबाईंनी स्वतःचेच चित्र घातले. जाहिरातींत औषधापूर्वीचे विरळ केस आणि औषधानंतरचे लांब केस, दोन्ही त्यांचेच. डबीची किंमत पन्नास सेंट.

पतीपत्नी दक्षिणेकडील गावोगाव हिंडली. चर्चमध्ये, सभागृहांत, कोणाच्या घरच्या ओसरीवर डोके धुण्याचे, मलम चोळण्याचे आणि केस विंचरण्याचे प्रात्यक्षिक होई. टपालाने येणाऱ्या मागण्या मुलगी सांभाळी. पुढे वॉकरबाईंनीच सांगितल्याप्रमाणे, रोजचे दहा डॉलर मिळू लागले तेव्हा नवऱ्याला वाटले की झाले, पुष्कळ झाले. बाईंना ते पटले नाही. १९१२ मध्ये दोघे विभक्त झाली. आडनाव मात्र डबीवर राहिले.

१९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी मुलीच्या नावाने 'लीलिया कॉलेज' काढले. १९१० मध्ये बिऱ्हाड आणि कारखाना इंडियानापोलिसला नेला, कारण तेथे चहूकडून रेल्वे येत होती आणि माल कोठेही धाडणे सोपे होते. खरा धंदा आता सुरू झाला. दुकानदारांच्या दारी माल ठेवण्याऐवजी त्यांनी बायकांनाच विक्रेत्या केले. पंचवीस डॉलर भरून टपालानेही शिकता येणारा हा अभ्यासक्रम होता. डोके कसे तपासावे, किती वेळा धुवावे, हात आणि कंगवे कसे स्वच्छ ठेवावेत, हिशेब कसा लिहावा, हे सारे त्यात येई. शिकलेली बाई आपल्या घराच्या एका खोलीत धंदा मांडू शकत असे. गोऱ्या मालकिणीची मर्जी नको, भांडवलही बेताचे. पंचवीस डॉलर म्हणजे धुणे धुणाऱ्या बाईची कित्येक आठवड्यांची कमाई, हे विसरता येत नाही. ज्यांना तेही जमविता आले नाहीत त्यांच्यापुढे हे दार बंदच राहिले. तरी ज्यांच्यासाठी उघडले त्यांची संख्या थोडी नव्हती. बाईंच्या अखेरच्या वर्षांत कंपनी आपल्या विक्रेत्यांचा आकडा वीस हजार सांगे. जाहिरातीतला आकडा म्हणून त्यातून काही वजा केले, तरी उरतो तो मोठाच.

स्वतःच्या शिक्षणातील उणीव त्यांनी लपविली नाही आणि तशीच राहूही दिली नाही. कारखान्याची व्यवस्था पाहणाऱ्या ॲलिस केली या पूर्वीच्या शिक्षिका होत्या. त्यांच्याकडून मालकीणबाई पत्रलेखन, उच्चार आणि सभेतील रीतीभाती शिकत. कायद्याची बाजू फ्रीमन रॅन्सम या वकिलांकडे असे.

१९१२ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे नॅशनल नीग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन भरले. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन, कृष्णवर्णीय समाजाचे त्या वेळचे सर्वांत वजनदार पुढारी. ते स्वतः गुलामगिरीत जन्मलेले, स्वकष्टाने वर आलेले. वास्तविक वॉकरबाई म्हणजे त्यांच्याच उपदेशाचे चालतेबोलते उदाहरण. परंतु केसांची औषधे विकणाऱ्यांविषयी त्यांना तिटकारा होता. हे लोक आपल्या समाजाला गोऱ्यांची नक्कल करायला शिकवितात, असे त्यांचे मत होते. इंडियानापोलिसचे वृत्तपत्रकार जॉर्ज नॉक्स यांनी बाईंना बोलू द्यावे अशी सूचना केली. अध्यक्षांनी ती कानाआड केली. शेवटच्या दिवशी वॉकरबाई आपल्या जागेवरून उठल्या आणि परवानगीची वाट न पाहता बोलू लागल्या. आपण कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबाकडे आलो, तेथून स्वयंपाकघरात, आणि तेथून आपणच आपल्याला बढती देऊन कारखान्यात आलो. तो कारखाना आपल्याच जमिनीवर उभा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला पाचारण केले. मात्र पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात वॉकरबाईंना व्यासपीठावर निमंत्रित वक्त्या म्हणून स्थान होते.

वॉशिंग्टन यांचा आक्षेप केवळ पुरुषी तुच्छतेचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. कुरळे केस तापत्या कंगव्याने सरळ करणे ही वॉकर पद्धतीतील एक पायरी होतीच, आणि सरळ केस हे सौंदर्याचे माप गोऱ्या समाजाने घालून दिलेले होते. बाई म्हणत की आपला धंदा केस सरळ करण्याचा नसून ते निरोगी ठेवून वाढविण्याचा आहे. आणि 'सरळ करणारे' हा शब्द त्यांना आपल्या औषधांसंबंधी मुळीच खपत नसे. हे उत्तर अर्धे खरे आहे. परंतु एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. कातडी उजळविणाऱ्या मलमांचा बाजार तेव्हा तेजीत होता, आणि तसे मलम त्यांनी हयातीत कधी विकले नाही. कंपनीने ते आणले ते त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या देशात वधूच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द वर्षानुवर्षे छापला गेला, तेथील वाचकाला हा संयम किती महाग पडला असेल याची कल्पना येईल.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या दोनशेहून अधिक विक्रेत्या फिलाडेल्फिया येथे एकत्र आल्या. त्याआधीच्या महिन्यात ईस्ट सेंट लुइस शहरात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. दाद मागण्यासाठी व्हाइट हाउसवर गेलेल्या शिष्टमंडळात वॉकरबाई होत्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी भेट दिली नाही. फिलाडेल्फियाच्या सभेत अधिक विक्री करणाऱ्यांना बक्षिसे मिळालीच. समाजकार्यास अधिक देणाऱ्यांनाही मिळाली. आणि जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करावा, अशी तार या केशौषधी विकणाऱ्या बायकांनी राष्ट्राध्यक्षांना पाठविली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी यांपैकी अनेकींना मालकिणीकडे पगारवाढ मागण्याचाही धीर झाला नसता.

१९१८ मध्ये हडसन नदीकाठी अर्व्हिंग्टन येथे, धनाढ्य गोऱ्यांच्या वस्तीत, त्यांचा 'व्हिला लेवारो' हा प्रासाद पुरा झाला. आराखडा व्हर्टनर टँडी या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाचा. तेथे राहण्याचे सुख त्यांना वर्षभरही लाभले नाही. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार बळावून २५ मे १९१९ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लक्षाधीश नव्हे, दशलक्षाधीश म्हणून त्यांचे नाव गाजले. मोजदादीत मालमत्ता सुमारे सहा लाख डॉलर भरली. शेवटच्या आजारात त्यांनी जमावहत्यांविरुद्ध लढणाऱ्या निधीस पाच हजार डॉलर देऊ केले होते. कंपनीची अध्यक्ष नेहमी स्त्रीच असावी, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

इंडियानापोलिसच्या एका चित्रपटगृहात कृष्णवर्णीय म्हणून त्यांच्याकडे एकदा दहा सेंटऐवजी पंचवीस सेंट मागण्यात आले होते. त्यांनी वकिलाकरवी दावा लावला आणि स्वतःची इमारत बांधण्याचा बेत आखला. तो त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये पुरा झाला. कंपनी पुढे विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बंद पडली, पण ती इमारत उभी आहे. कारखाना, कचेरी, केशभूषेची शाळा, औषधांचे दुकान आणि नाट्यगृह एकाच छपराखाली सामावतील अशी तिची रचना केलेली होती.