फ्रीजवरच्या गोळ्या आणि बॅगेतली गोळी
(मानसिक आरोग्यावरील चर्चासत्रातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. कुणी कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. आपण त्या औषधाकडे कसं बघतो, एवढ्यावरच बोलणार आहे.

शाळेपासून एक वाक्य ऐकत आलो, 'पोरगा हुशार आहे, पण लक्ष नाही.' इंजिनिअरिंग कसंबसं पार पडलं. नोकरीत मात्र अर्धवट कामं आणि विसरलेल्या मीटिंगा अंगाशी आल्या. तेहतिसाव्या वर्षी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जुनी प्रगतिपुस्तकं पाहिली, आपाला माझ्या लहानपणाबद्दल विचारलं, आणि एडीएचडीचं निदान केलं.

मिथिलफेनिडेट सुरू झालं. अम्मीच्या डायबेटिसच्या गोळ्या फ्रीजवर, सगळ्यांसमोर असतात. माझी गोळी मी लॅपटॉपच्या बॅगेत लपवली. एकाच घरात दोन आजार, एक सांगण्यासारखा आणि एक झाकण्यासारखा.

'स्टिम्युलंट' म्हटलं की लोकांना नशा आठवते. ही भीती अगदीच निराधार नाही. भारतात हे औषध 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखाली घ्यायचं असतं. पण हे खूळ कालपरवाचंही नाही. अशा उत्तेजक औषधाने मुलांचं अभ्यासात लक्ष लागतं, हे अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी 1937 मध्येच नोंदवलं होतं. मेंदूतलं डोपामिन आणि नॉरएड्रिनॅलिन परत शोषलं जाण्याची क्रिया मिथिलफेनिडेट रोखतं. त्यामुळे हातातल्या कामावर टिकून राहणं सोपं जातं. भूक मंदावते, झोप बिघडू शकते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. म्हणून माझा रक्तदाब नियमित तपासला जातो. रमजानमध्ये गोळीची वेळ मी डॉक्टरांना विचारूनच बदलली.

दुसरी बाजूही सांगतो. 'असल्या गोळ्यांची सवय लागते' असं मला बजावणारा सहकारीच रिलीजच्या आदल्या रात्री म्हणाला, 'एक दे ना यार, रात्रभर कोडिंग करू.' मी दिली नाही. दुसऱ्याच्या नावाचं औषध घेणं धोक्याचं आहे. आणि ही हुशारीची गोळी नाही. मला आजही वही आणि अलार्म लागतातच.

एक दिवस अम्मीला बॅगेत ती पट्टी सापडली. 'नशा करता क्या रे तू?' तिचा आवाज कापत होता. मी तिला सगळं सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, 'इसीलिए खाना नहीं खाता तू आजकल?'

आता सकाळी गोळीच्या आधी ती मला पोटभर नाश्ता करायला लावते.

माझी एवढीच विनंती आहे. घरात कुणी सांगितलं, 'मला हे औषध सुरू झालंय,' तर 'किती दिवस घेणार?' हा पहिला प्रश्न नको. आधी विचारा, 'जेवलास का?'