खुल्या पॅकेजांची पारख

(एका कुटुंब-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विषय संगणकाचा आणि वक्ता कलाशाखेचा, तोही पत्रकार! संयोजकांच्या धाडसाचे कौतुकच केले पाहिजे. परंतु हा प्रश्न मूलतः यंत्राचा नसून पारखीचा आहे, आणि बातमी पारखून घेणे हाच माझा आजवरचा व्यवसाय आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई पुण्यात वा बंगळुरूला सॉफ्टवेअर लिहितात. ते सारे स्वतः लिहितात काय? नाही. तारखांचा हिशेब, फाइल आकसवणे अशा कामांची तयार पॅकेजे जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहून मोफत ठेवलेली असतात. ती आपल्या कामात जोडून घेतली जातात. एक पॅकेज दुसऱ्यावर विसंबलेले, दुसरे तिसऱ्यावर. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादातून ‘एनपीएम’ या भांडारातून काढून घेतले, आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांचे काम अडले.

मग विश्वासू पॅकेज ओळखावे कसे? किती जणांनी ते उतरवून घेतले ते पाहा, असे सांगितले जाते. हा निकष फसवा आहे. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे पॅकेज २०१८ मध्ये आठवड्याला सुमारे २० लाख वेळा उतरवले जात होते. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता. एका अनोळखी व्यक्तीने ‘मी सांभाळतो’ म्हटले आणि त्याने ते देऊन टाकले. नव्या हाताने त्यात बिटकॉइनच्या पाकिटांच्या किल्ल्या चोरणारा भाग दडवला. आकडा पूर्वीच्या मालकाच्या पुण्याईचा होता!

दुसरे उत्तर असे, की संहिता खुली आहे, ती कुणीही तपासू शकतो. परंतु ‘तपासू शकतो’ आणि ‘तपासली आहे’ यांत मोठे अंतर आहे. ‘एक्सझेड’ची कथा त्यासाठीच सांगतो.

फाइल आकसवणारे हे छोटे साधन लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत असते. ते वर्षानुवर्षे फिनलंडचे लासे कोलिन जवळजवळ एकट्याने, बिनमोबदला सांभाळत होते. २०२१ मध्ये ‘जिया तान’ या नावाने कुणी मदतीस आले. काम नीटनेटके, भाषा सौजन्याची. २०२२ मध्ये इतर काही अपरिचित नावांनी कोलिन यांच्यामागे टुमणे लावले, की काम रेंगाळते आहे, दुसऱ्याला अधिकार द्या. आपले मनःस्वास्थ्य ठीक नसल्याचे त्या गृहस्थाने मोकळेपणाने सांगितले होते. अखेर जिया तानला अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत दूरच्या यंत्रात शिरण्याचे छुपे दार होते. त्यातली मेख अशी, की ते दार उघडणारा कळीचा भाग सर्वांना दिसणाऱ्या संहितेत नव्हताच. तो फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. संहिता वाचणाऱ्याला तो सापडला नसता.

सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, एवढ्याशा कुतूहलापोटी तो खोल गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सावध केले. जिया तान कोण, हे आजही उघड झालेले नाही.

आम्हा पत्रकारांना असा खबऱ्या ठाऊक असतो. तो दोन वर्षे खऱ्या बातम्या देतो, त्या एका खोट्या बातमीसाठी.

म्हणून घरच्या अभियंत्याला काही विचारत चला. हे पॅकेज किती जण सांभाळतात? अलीकडे हात बदलला आहे काय? दोष कळवल्यास उत्तर मिळते काय? प्रसिद्ध गठ्ठा खुल्या संहितेशी जुळतो काय? नावाचे एखादे अक्षर तर बदललेले नाही ना? २०१७ मध्ये पायथॉनच्या भांडारात प्रसिद्ध पॅकेजांशी मिळत्याजुळत्या नावांची बनावट पॅकेजे आढळली होती. आणि ज्या पॅकेजावर कंपनीचा धंदा उभा आहे, त्याच्या एकाकी लेखकाला कंपनी काय देते? हा शेवटचा प्रश्न बहुधा ऐकून घेतला जात नाही, म्हणून तो जरा मोठ्याने विचारा.

भांडाराभांडारांतही फरक असतो. एनपीएमवर कुणीही खाते उघडून पॅकेज ठेवू शकतो. ‘डेबियन’मध्ये पॅकेज एका जबाबदार सदस्याच्या सहीने येते, आणि सदस्याची किल्ली जुन्या सदस्यांनी, रूढ पद्धतीने प्रत्यक्ष भेटून, ओळखलेली असते. तरीही एक्सझेड तेथवर पोहोचले, परंतु केवळ चाचणीच्या शाखांत. साधारण दोन वर्षांनी निघणाऱ्या त्यांच्या स्थिर आवृत्तीत ते गेलेच नव्हते. नव्याची घाई नसलेले वाचले.

कोलिन यांनी मात्र काम सोडले नाही. मे २०२४ मध्ये छुपे दार काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती त्यांनीच प्रसिद्ध केली.