गड निवडताना

(पुण्यातील एका कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित गोषवारा)



पावसाळा ओसरला की पुण्यातील घराघरांत एकच विषय निघतो, या रविवारी कोणता गड? पुणेकर या बाबतीत खरोखर भाग्यवान आहेत. सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, लोहगड, विसापूर, तिकोना हे सारे गड सकाळी निघून रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर उभे आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या बारा दुर्गांपैकी शिवनेरी, राजगड आणि लोहगड हे तीन तर एकट्या पुणे जिल्ह्यातले आहेत. तेव्हापासून नवखी पावलेही मोठ्या संख्येने गडांकडे वळू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आनंदाबरोबर जबाबदारीही येते.

आपण गड निवडतो कसा? बहुधा त्याच्या कीर्तीवरून, कोणीतरी पाठवलेल्या छायाचित्रावरून, किंवा गटातील सर्वांत उत्साही तरुणाच्या आग्रहावरून. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की निवड उलट्या टोकाकडून करावी. आपल्यात सर्वांत हळू चालणारा कोण, हे आधी पाहावे. सात वर्षांची मुलगी असेल, गुडघे दुखणारे काका असतील, कधीच डोंगर न चढलेली नवी सूनबाई असेल. त्या व्यक्तीला जो गड आनंदाने चढता-उतरता येईल, तोच त्या दिवशीचा आपला गड.

यासाठी एक सोपे गणित आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली ते मांडले. दर पाच किलोमीटर चालीला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट अडीच-तीन किलोमीटरांची आणि चढ सुमारे सहाशे मीटरांचा. म्हणजे धडधाकट माणसाला दीड तास. मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर त्यात निम्म्याची भर घालावी. सव्वादोन तास होतात. उतरताना वेळ फारसा वाचेल, असे गृहीत धरू नये. सराव नसलेल्या गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावरच होते.

याच हिशेबाने तोरण्याकडे पाहा. पुणे जिल्ह्यातील हा सर्वांत उंच किल्ला, १४०३ मीटरांचा. वेल्ह्याहून चढायला चांगल्या चालणाऱ्यालाही अडीच-तीन तास लागतात, आणि वरच्या टप्प्यात कातळ आहे. ज्या कुटुंबाने अजून सिंहगड पायी चढलेला नाही, त्याने तोरण्याने आरंभ करू नये. तिकोना याच्या उलट. वाट लहान, पण शेवटच्या पायऱ्या उभ्या आणि उंच. अंतर कमी म्हणजे गड सोपा, हा समज तिथे गळून पडतो.

गडाइतकीच वाटेची निवडही महत्त्वाची. राजधानी रायगडावर जाण्यापूर्वी सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार जिथून चालला, त्या राजगडाचेच उदाहरण घ्या. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट उभ्या कातळातून जाते. पालीहून येणारी वाट रुंद, पायऱ्यांची, राजमार्गाची आहे. गड एकच, दिवस मात्र अगदी वेगवेगळे जातात. बालेकिल्ल्याची चढण ज्यांना झेपणार नाही, त्यांनी पद्मावती माचीवर खुशाल थांबावे. माचीवर बसून सभोवतीचा मुलूख पाहणे हेही गडदर्शनच आहे.

तिसरी कसोटी ऋतूची. सह्याद्रीत एकच वाट वर्षातून तीनदा रूप पालटते. लोहगडाच्या पायऱ्या बांधीव आहेत, तरी पावसात शेवाळाने निसरड्या होतात. शेजारच्या विसापूरच्या वाटेवरून तर भर पावसात पाणीच वाहते. डोंगरातला ओढा वरच्या बाजूला पडलेल्या पावसाने काही मिनिटांत फुगतो. आपल्या डोक्यावर थेंबही नसतो. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते कोणी बेफाम साहसवीर नव्हते; सुटीसाठी आलेले एक कुटुंब होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ज्या वाटेवर ओढा ओलांडावा लागतो, ती वाट मुलाबाळांसह घेऊच नये. एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि पाणीटंचाई, दुपारनंतर वळवाची वीज. अशा वेळी मोकळ्या पठारावर थांबणे घातक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच कुटुंबांसाठी उत्तम काळ. पण डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे विसरू नये.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा. निघण्याची वेळ आपण सगळेच ठरवतो. परतण्याची वेळ फार थोडे ठरवतात. हिरकणीची कथा आपण मुलांना मातृप्रेमाची म्हणून सांगतो. त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. सूर्यास्त झाला की गडाचे दरवाजे बंद होत, आणि तो नियम सर्वांना सारखाच होता. आपणही आपल्या मोहिमेचा असा एक दरवाजा ठरवावा. दुपारी अमुक वाजता, माथा गाठलेला असो वा नसो, मागे फिरायचे. हे खालीच, सर्वांसमक्ष ठरवावे. वर गेल्यावर माथा जवळ दिसू लागतो आणि विवेक दूर जातो.

गटप्रमुखांना विशेष विनंती. सर्वांत पुढे चालण्याचा मान कोणालाही द्या. सर्वांत मागे मात्र अनुभवी, शांत वृत्तीचा कार्यकर्ता ठेवा. तो कोणालाही मागे टाकून पुढे जाणार नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी, विजेरी आणि प्रथमोपचाराची पेटी घ्या. पायथ्याच्या गावात वाटेची चौकशी करा, जेवण तिथेच घ्या. चार पैसे त्या घरांनाही मिळतील. प्लास्टिक परत आणा. पोळी असलेल्या कड्याखाली धूर वा गोंगाट करू नका. मधमाश्या उठल्या की पळायला वाट उरत नाही.

ज्या घरांना या वर्षी आरंभ करायचा आहे, त्यांनी नोव्हेंबरात सिंहगड पायी चढावा आणि मुलांना तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी घेऊन जावे. डिसेंबरात मळवलीला उतरून भाज्याची लेणी पाहत लोहगड करावा. फेब्रुवारीत पाली दरवाजाने राजगड. प्रत्येक वेळी लागलेला वेळ वहीत टिपून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात तोरणा झेपेल की नाही, याचे उत्तर त्याच वहीत मिळेल.